मामंजी आणि तिसरी पाळी

मामंजी, परवा तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला सांगितलं. वर्गभर पोरांपुढं दिवसभर बोलणारी मी, उभी राहिले आणि "मामंजी" एवढंच म्हणून खाली बसले. लोकांना वाटलं, रडू आलं. रडू नव्हतं आलं. माझ्या आधी जे बोलले त्यांनी तुमची पुण्याच्या कारखान्यातली रखवालदारी, वाडीतल्या विहिरीसाठी तुम्ही घातलेले हेलपाटे, पोरींना शाळेत घाला म्हणून घरोघर केलेली भांडणं, सगळं नीट क्रमानं सांगितलं. खरंच होतं ते. पण ऐकताना माझ्या मनात एकच घोळत होतं, ह्यात मांजरं कुठं आहेत?

तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाही. काल कणगी रिकामी करून पुन्हा भरली. तुमची घोंगडी उन्हात टाकली, घडी केली, परत उलगडून परत टाकली. शेजारची पारूबाई म्हणाली, "कमळे, बस की गं जरा एका जागी, पायाला भवरा लागलाय का काय?" बसले. लगेच उठले. आज शेवटी पडवीत पाट मांडून लिहायला घेतलंय. तिथं बोलता आलं नाही ते तुम्हालाच सांगते.

तुमचा यशवंत, माझे हे, विषमज्वरानं गेले तेव्हा आमच्या लग्नाला धड वर्षही झालं नव्हतं. दिवसकार्य उरकल्यावर भोंगवलीहून माझा दादा मला न्यायला आला. माझी ट्रंक दारात आणून ठेवली होती. सासूबाई तर माझ्या लग्नाआधीच वारलेल्या, म्हणजे मी गेले की घरात तुम्ही एकटेच. तरी तुम्ही मला राहा म्हणाला नाहीत आणि जा पण म्हणाला नाहीत. दादा निघायची घाई करत होता, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "तिला इचार आदी."

दादा बघतच राहिला. मीही. मला काही विचारायची पद्धत तोवर कुणी पाडलीच नव्हती. लग्न ठरलं तेव्हासुद्धा मला साडीच दाखवली होती, नवरा नाही.

"ऱ्हाते मी हितंच," मी म्हणाले. का म्हणाले, ते तेव्हा मला कुणालाच सांगता आलं नसतं. तुम्ही ट्रंक उचलून आत नेऊन ठेवलीत आणि दादासाठी चहा टाकायला सांगितलात.

मग भात काढून झाल्यावर एक दिवस तुम्ही दोर वळत बसला होता, मी शेण सारवत होते. मान वर न करता तुम्ही विचारलंत, "सातवी झालीयास न्हवं तू?"

"व्हय."

"म्होरं शिकायचं का?"

"आता ह्या वयात?"

"मग कवा, माज्या वयात?"

असं माझं बाहेरून मॅट्रिकला बसायचं ठरलं. दोन ओळींत. तुमच्याशी झालेली मोठी बोलणी सगळी अशीच दोन ओळींत झाली, मामंजी, आणि भांडणं मात्र दिवसच्या दिवस चालली.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचा तो काळ. अभ्यासाला दोन वर्षं झाली होती, परीक्षा मार्चमध्ये, आणि त्या हिवाळ्यात कणगीतल्या भातावर उंदरांची धाड पडली. रात्री कुरतडल्याचा आवाज यायचा. तुम्ही गुंजवण्याच्या पाहुण्यांकडं गेलात आणि पिशवीत घालून एक मांजर घेऊन आलात. चांगली जाडजूड दिसत होती. "खाऊनपिऊन असनारी हाय," तुम्ही म्हणालात. ती खाऊनपिऊन नव्हती, गाभण होती. आठवडा झाला नाही तोच माळ्यावर गोवऱ्यांच्या मागं तीन पिल्लं झाली. त्या माउलीनं त्यांना सुरुवातीला चांगलं सांभाळलं. पण पोरं भाताला लागली तशी ती पारूबाईच्या माळ्यावर निघून गेली, आणि दारात दिसलीच तर आम्हाला ओळख दाखवेना. तीन कारटी आमच्या गळ्यात पडली.

काय धुमाकूळ घालायची ती! दिवसा बघावं तर पडवीच्या उन्हात एकमेकींच्या अंगावर पाय टाकून अशी पडलेली, की कुणी म्हणेल किती गुणाची बाळं. दिवा मालवला की अंगात आल्यासारखी उठायची. एक वाकळांच्या ढिगावरून सरळ माझ्या पोटावर उडी घ्यायची. एक फडताळात शिरून ताटल्या खाली लोटायची. आणि ती सगळ्यात बारकी, करडी, पांघरुणाखाली माझा अंगठा हलला रे हलला की त्याला उंदीर समजून दातात धरायची. मी किंचाळून उठायची. उठून चिमणी लावेपर्यंत तिघी माळ्यावर, आणि तिथून सहा हिरवे डोळे माझ्याकडं बघतायत. चिमणी मालवली की पुन्हा सुरू.

तुम्ही पडवीत निजायचा. आतलं सगळं तुम्हाला ऐकू जायचं. सकाळी तुम्ही विचारायचा, "झोप झाली का?" मी म्हणायची, "झाली." आणि भाकरी थापता थापता पेंगायची.

तेव्हा रस्त्याचं काम निघालं होतं. दिवसभर मी आणि पारूबाई खडी फोडायला जायचो आणि संध्याकाळी कंदिलापुढं माझी भूमिती. एका दुपारी हातोडा वर गेला आणि खाली येईस्तोवर माझा डोळा लागला. पापणी मिटावी एवढाच. डाव्या हाताचं मधलं बोट ठेचलं. पारूबाईनं लुगड्याची पट्टी फाडून बांधली आणि घरी आणून सोडलं. तुम्ही पट्टी पाहिलीत.

"कशानं झालं?"

"लागला हातोडा."

"म्या इचारलं, कशानं झालं?"

तेव्हा मला रडू फुटलं. बोटासाठी नाही. मी म्हणाले, "मामंजी, ती मांजरं पोत्यात घाला आन् कुटंबी नेऊन सोडा. न्हाईतर माजी परीक्षा ऱ्हाऊ द्या. दोन्ही न्हाई जमायचं मला."

तुम्ही माझ्या बोटाची पट्टी सोडून पुन्हा नीट बांधलीत. मग म्हणालात, "मांजरं सोडली तर उंदीर भात खात्याल. परीक्षा सोडली तर तू जलमभर खडी फोडशील. दोन्ही सोडायची न्हाईत. मांजरांचं मी बगतो. तू झोपायचं बग."

त्याच दिवशी तुम्ही कोंबड्या झाकायचं डालगं धुतलंत. तिघींना त्याखाली घातलं आणि वर दगड ठेवला. पिल्लं आत गुपचूप बसली, आम्हाला वाटलं जिंकलो. दिवा मालवल्यावर तिघींनी मिळून असा आकांत मांडला, की शेजारून पारूबाई ओरडली, "अवो, मांजरं कापताय का काय तुमी!" दुसऱ्या दिवशी त्यांची रवानगी शेळीच्या गोठ्यात झाली. शेळीनं एकीला लाथ मारली आणि दोघींनी शेळीच्या पाठीवर चढून बदला घेतला. आता शेळीही ओरडायला लागली. मग तुम्ही त्यांना दिवसाच पोटभर चारून बघितलं, म्हणजे सुस्तावतील. सुस्तावली, ती दिवसाच. रात्री नवं बळ घेऊन उठली.

मग एक दिवस तुम्ही काहीच केलं नाहीत. खडीवरून मी घरी आले तर तुम्ही पडवीच्या खांबाला टेकून बसला होता आणि पुढं त्या तिघी झोपल्या होत्या. तुम्ही हसत होता. हे गेल्यापासून तुम्हाला हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"आगं, ही तर माज्यासारखीच हायती," तुम्ही म्हणालात. "दिसभर पडून असत्यात, मग रातीला डोळा कुटनं लागंल? कारखान्यात रातपाळी करून करून माजं हेच तर झालं. ह्या समद्या रातपाळीवाल्या हायती. ह्यांची पाळी बदलाया पायजे."

तिथंच तुम्ही त्यांची नावं ठेवलीत. पांढरी ती पयली पाळी. तांबूस ती दुसरी पाळी. आणि ती करडी, माझ्या अंगठ्याची वैरीण, ती तिसरी पाळी.

दुसऱ्या दिवसापासून तुमचा नवा धंदा सुरू झाला. दुपारची झोप तुम्ही त्यांना घेऊ द्यायचा, पण उन्हं कलली की एकीलाही डोळा मिटू द्यायचा नाही. सुतळीच्या टोकाला कोंबडीचं पीस बांधलेलं, आणि ते ओढत तुम्ही अंगणभर फिरायचा. कधी भिंतीवर चढवायचा, कधी रांगोळी काढल्यासारखं जमिनीवर वळवायचा, कधी दगडामागं दडवून ठेवायचा. पिल्लं दबा धरायची, ढुंगण हलवायची, झेप घ्यायची, कोलांट्या खायची. शेवटी जीभ बाहेर काढून धापा टाकायची. तुम्हीही धापा टाकायचा. येणारे जाणारे थांबायचे. विंझरच्या स्टँडवर चहा पीत बसणाऱ्यांत चेष्टा सुरू झाली, की रखवालदार आता मांजरं राखायला लागला. तुमच्या कानावर ती गेली तेव्हा तुम्ही म्हणालात, "राखतोयच की. त्यात काय खोटं हाय?"

मी आत कंदिलापुढं बसायची. बाहेरून तुमचा आवाज यायचा, "धर, धर! सोडू नगंस! आरं तिच्या, हुकलीस व्हय!" आणि मी मनात प्रमेय म्हणत राहायची. अजून वर्गात त्रिकोण शिकवताना मला मध्येच तुमचं "धर, धर" ऐकू येतं आणि मुलींना कळत नाही बाई का हसल्या.

त्यांचं मोठं जेवण तुम्ही मुद्दाम मागं ठेवायचा. मी वह्या मिटल्या की मग सुकटीच्या अळणी पाण्यात भात कुस्करून त्यांना घालायचा. तुमचं म्हणणं होतं, मांजर आधी शिकार करते, मग खाते, मग अंग चाटते आणि मग झोपते. तो क्रम आपण पाळला तर तीही पाळेल. आणि झालंही तसंच. भात संपला की तिघी ताटली चाटायच्या, मग स्वतःला चाटायच्या, मग एकमेकींना, आणि चाटता चाटताच कलंडायच्या. तुम्ही त्यांना तुमच्या जुन्या खाकी कोटात गुंडाळून पडवीत स्वतःच्या उशाशी ठेवायचा आणि मधलं दार लावून घ्यायचा.

पहिले काही दिवस मध्येच जाग येऊन त्या दार खरवडायच्या. एकदा मला राहवलं नाही. किती केविलवाणं ओरडत होत्या. मी उठून दार उघडलं आणि वाटीत थोडं दूध दिलं. तुम्ही जागेच होता. अंधारातून तुमचा करडा आवाज आला.

"कमळ, आज तू उठलीस. आता त्यांना कळलं, वरडलं की ही येती. उद्या दुप्पट वरडत्याल. तू उठायचं न्हाई. काय बी झालं तरी उठायचं न्हाई. म्या हाय न्हवं हितं?"

"पन भुकेल्या असत्याल तर?"

"भूक न्हाई ती. सोबत पायजे त्यांना. सोबतीला म्या हाय."

खरंच दुसऱ्या दिवशी दुप्पट ओरडल्या. मी उठले नाही. तिसऱ्या दिवशी थोड्या ओरडल्या. मग ओरडायच्या थांबल्या. एकटी तिसरी पाळी सोडून. तिची पाळी तुम्हाला शेवटपर्यंत बदलता आली नाही. मग तुम्ही तिला घोंगडीच्या आत घ्यायला लागलात. ती तुमच्या काखेत तोंड खुपसून घुरघुरायची. दाराच्या फटीतून मला दोन आवाज यायचे, तिची घुरघुर आणि अधूनमधून तुमचा खोकला. त्या खोकल्यावरून मला कळायचं, की तुम्ही जागे आहात. आणि तुम्ही जागे आहात म्हणून मी झोपायची.

अशी झोप मला त्याआधी कधी लागली नव्हती, मामंजी. माहेरी आम्ही एवढ्याशा खोलीत सात-आठ जण. दळण, पाणी, धाकट्यांची दुखणी, कुणी ना कुणी रात्री हाक मारायचंच, आणि उठायचं मीच, कारण मी मोठी मुलगी. लग्न झालं, आणि मग ह्यांचा ताप. रात्र रात्र कपाळावर पाण्याच्या घड्या. कमळला झोप मिळाली का, असा प्रश्न जगात कुणाला पडू शकतो, हेच मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला पडला. तुम्ही त्यासाठी म्हातारपणी अंगणात पीस ओढत धावलात.

माघात दादा पुन्हा आला. पडवीत बसला न बसला तोच तिसरी पाळी त्याच्या पायजम्यावरून थेट खांद्यावर. त्यानं तिला झटकलं.

"मांजरं सांभाळायला ऱ्हायलीस व्हय गं हितं?" तो म्हणाला. मग त्यानं स्थळ आणलंय म्हणून सांगितलं. भोरचा माणूस. कचेरीत शिपाई. बायको वारलेली. घर चांगलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि मला म्हणालात, "चांगलं हाय. जा."

"मॅट्रिक झाल्याबिगर मी कुटं जानार न्हाई," मी म्हणाले.

"ते तितं जाऊन बी करता येतंय."

"मला हितंच करायचंय."

दादा चहा न घेताच निघून गेला. मग आपलं जे भांडण झालं ते आठवतं का? तुम्ही काठी आपटलीत. म्हणालात, लोक काय बोलतात ते तुला ऐकू येत नाही, मला येतं. तरणी सून आणि म्हातारा सासरा एका घरात. मी म्हणाले, बोलू द्या. तुम्ही म्हणालात, "माज्यासाठी ऱ्हाऊ नगंस. मला न्हाई पायजेत असलं उपकार."

"तुमच्यासाठी न्हाईच ऱ्हायले मी!"

"मग कुनासाठी ऱ्हायलीस?"

मी शेळीला पाला टाकायला उठून गेले. त्यानंतर आपण दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही. जे काही बोलायचं ते मांजरांना ऐकवून बोलायचो. तुम्ही पयल्या पाळीला सांगायचा, "तिला म्हनावं, भाकर खाऊन घे." मी दुसरीला सांगायची, "म्हनावं, मला भूक न्हाई." शेवटी तिसरी पाळी कणगीत पडली आणि तिला काढायला आपल्याला दोघांनाही एकदम वाकावं लागलं, तेव्हा कुठं बोलणं सुरू झालं.

उत्तर मात्र राहिलंच. नंतरही किती वेळा तो विषय निघाला आणि प्रत्येक वेळी मी काही ना काही कामाला उठले. आता इथं लिहिते. मी माझ्या झोपेसाठी राहिले होते, मामंजी. हसू नका. ऐकायला फार लहान वाटतं, म्हणून तोंडावर सांगता आलं नाही. पण निर्धास्त झोपता येईल असं हे एकच घर मला आयुष्यात मिळालं होतं.

परीक्षेला आपण भोरला गेलो तेव्हा पिल्लं पारूबाईकडं ठेवली होती. तुमच्या लांबच्या बहिणीकडं उतरलो. रोज केंद्राच्या फाटकापर्यंत तुम्ही यायचा आणि पेपर संपेपर्यंत समोरच्या झाडाखाली उकिडवे बसायचा. मी म्हणायची, घरी जाऊन पडा जरा. तुम्ही म्हणायचा, "मला सवय हाय फाटकापाशी बसायची."

आणि एवढं करून मी गणितात नापास झाले. निकाल घेऊन आले तेव्हा तुम्ही अंगणात होता. माझं तोंड पाहून तुम्हाला कळलं. मी म्हणाले, "तुमची समदी मेहनत वाया गेली."

"इंग्रजीत?"

"पास."

"मराठीत?"

"लई चांगले हायेत."

"मग एका गनितानं कशापायी रडतीस? आक्टुबर हाय की." आणि तुम्ही मांजरांचा भात कालवायला आत गेलात.

ऑक्टोबरमध्ये मी पास झाले. तेव्हा तुम्ही काय बोललात ते मला आठवत नाही. पारूबाई सांगते, की तुम्ही स्टँडवर जाऊन त्याच चेष्टा करणाऱ्या माणसांना स्वतःहून चहा पाजलात.

पुढं ट्रेनिंग झालं, भोरला शाळेत नोकरी लागली. पयली पाळी पारूबाईकडं गेली, दुसरी स्टँडजवळच्या किराणावाल्याकडं. तिसरी तुमच्याजवळ राहिली. मी चला म्हणायची, भोरला खोली मोठी आहे. तुम्ही म्हणायचा, तिथं येऊन काय करू, कुणाचं फाटक राखू? दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी एसटी धरायची. उतरले की लांबूनच दिसायचं, पडवीत तुम्ही आणि मांडीवर ती. ती गेल्या पावसाळ्यात म्हातारी होऊन गेली, तेव्हा परड्यात खड्डा तुम्हीच खणलात, मला कुदळीला हात लावू दिला नाहीत. मी दुसरं पिल्लू आणते म्हटलं. तुम्ही म्हणालात, "नगं. आता माजी बी पाळी संपत आली." मी रागावले. असलं अभद्र बोलू नका म्हणाले. त्यावरूनही आपलं भांडण झालं आणि तेही मिटायचं राहूनच गेलं.

आता त्या रविवारचं सांगते. माझ्या मनात एक बोलणं होतं. शनिवारी सांगणार होते, पण तुम्हाला खोकला फार होता, म्हणून रविवारवर ठेवलं. दुपारी जेवून तुम्ही पडवीत आडवे झालात. मी भांडी घासून बाहेर आले तर तुम्हाला झोप लागलेली. कूस बदलणं नाही, खोकला नाही. चेहरा असा सैल पडलेला. एवढ्या वर्षांत तुम्हाला दिवसा गाढ झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. रात्रीही नाही. मी आपली पाय न वाजवता तुमच्या पायाशी बसले. पारूबाई कालवण मागायला आली, तिला खुणेनंच परत पाठवलं. वाडीतली पोरं गोट्या खेळत होती, त्यांना सांगून आले, लांब जाऊन खेळा रे, आमचे मामंजी निजलेत. कावळा कौलावर बसला, त्याला हातवारे करून हुसकलं. म्हटलं, इतकी वर्षं ह्यांनी माझी झोप राखली, एक दुपार मला ह्यांची राखू दे. किती बरं वाटत होतं मला! उन्हं सरकून तुमच्या तोंडावर आली, म्हणून मी आडोसा करायला पदर धरला. उन्हानं तुमची पापणी हलली नाही.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, काही कळलंही नसेल. पारूबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. "लई शांत मरान आलं गं त्यांना," ती म्हणत होती. मलाही तसंच वाटतं. पण तेव्हापासून माझी झोप उडाली आहे, आणि ती कुणी मांजरांनी उडवलेली नाही.

मनात होतं ते बोलणं आता सांगते. आमच्या शाळेत एक शिक्षक आहेत. वसंतराव. आपल्यातलेच आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांची बायको बाळंतपणात गेली. एक मुलगी आहे, सुमन नावाची, दुसरीत. दिवाळीनंतर त्यांनी मला विचारलं. सरळ विचारलं, दादाकडं निरोप धाडला नाही. मी म्हणाले, माझे मामंजी आहेत, त्यांच्याशी बोलून सांगते. ते म्हणाले, अवश्य, आणि त्यांना आपल्याकडंच राहायला आणता आलं तर बघा. हे तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही हो म्हणाला असता की नाही ह्याची मला चिंता नव्हती. तुम्ही येणार नाही म्हणाला असता, ह्याची होती. त्या भांडणाची मी सगळी तयारी करून आले होते.

परवा कार्यक्रमाला ते आले होते. तुम्हाला फुलं वाहिली, मागच्या रांगेत बसले, आणि जेवणं झाल्यावर अस्तन्या वर करून पारूबाईबरोबर पातेली घासायला लागले. दादानं विचारलं, "हे कोन?" सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. आधी कार्यक्रमात मला बोलता आलं नव्हतं. तिथं मात्र बोलले. म्हणाले, "दादा, आमचं लग्न ठरतंय." दादा काही तरी बोलणार होता. मग त्यानं तुमच्या फोटोकडं पाहिलं, आणि मला विचारलं, "तुला पसंत हाय न्हवं?"

"आहे," मी म्हणाले.

सुमन जाताना मला म्हणाली, "बाई, तुम्ही आमच्याकडं कधी येणार?" मी म्हणाले, घर आवरलं की. तेव्हापासून आवरते आहे. आवरून होतच नाही. कणगी पारूबाईनं घ्यावी असं मी तिला सांगितलंय. शेळी तिच्याकडंच आहे. घोंगडी मी घेऊन जाते आहे, रागावू नका. दार तेवढं लावायचं राहिलंय. भोरची गाडी खालच्या वळणावर आली, तिचा हॉर्न आत्ताच ऐकला. कडी घालते आणि पळते, नाहीतर ती जाईल.